बोट सोडून माप

माणसाला सुट्टी मिळते तेव्हा ती त्याच्या शरीरालाही मिळते का? हा प्रश्न मला दोऱ्याच्या पत्नीने विचारला होता, तळ्याकाठच्या एका लॉजवर मी उतरलो होतो तेव्हा. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी आहार, विश्रांती, नियमितपणा असे तीन-चार शब्द एकमेकांना जोडून पाहिले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग ती ताटे पुसू लागली. प्रश्न तिने गमतीने विचारला नव्हता. त्यामागे एका माणसाच्या सगळ्या सुट्ट्या होत्या आणि त्या सुट्ट्यांनी जे राखायचे ठरवले होते ते शेवटी राहिले नव्हते.

दोरा हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. कारखान्यात सगळे त्याला तसे म्हणत, पुढे घरचेही म्हणू लागले. कारखाना कागदाचा होता. लगदा शिजवायला आणि कागद वाळवायला लागणारी वाफ एका जुन्या बॉयलरमधून येई. त्या बॉयलरच्या वरच्या अंगाला एक आडवा लोखंडी ढोल होता. वर्षभर पाणी उकळून त्याच्या आत क्षारांचे पोपडे धरत आणि ते माणसाने आत शिरून, पालथे पडून, हाताने खरवडावे लागत. शिरण्यासाठी ढोलाच्या तोंडाशी एक लांबट गोल भोक ठेवलेले होते. कामगार त्याला ‘नेढं’ म्हणत. सुईच्या नेढ्यातून जो जातो तो दोरा. नाव पडायला याहून जास्त कारण लागले नाही. त्याची पत्नी बुटकी आणि अंगाने भरलेली, म्हणून वस्तीतल्या बायकांनी तिला ‘रीळ’ ठरवून टाकले. दोरा रिळाला गुंडाळलेला असतो की रीळ दोऱ्यामुळे शोभते, यावर नळापाशी पुष्कळ चर्चा झाली आणि तीत ती स्वतःही हिरिरीने भाग घेई.

दर उन्हाळ्यात कारखाना काही आठवडे पूर्ण बंद असे. सगळ्यांना सुट्टी एकाच वेळी मिळे, कारण बॉयलर निवायला वेळ लागतो. ती संपत आली की, इतर कामगार परतण्याच्या थोडे आधी, ढोल उघडला जाई आणि सफाईवाल्याला बोलावणे येई. बाकीच्यांची सुट्टी हजेरीच्या खिडकीशी संपायची. दोऱ्याची संपायची नेढ्यापाशी. सुट्टीत कोणाचे पोट सुटले तर पट्ट्याला एक भोक वाढवून भागत होते. दोऱ्याच्या वाट्याला आलेले भोक वाढवता येण्यासारखे नव्हते.

त्याच्या आधी हे काम करणारा माणूस एका सुट्टीत सासरी राहून आला होता. तिथे त्याचे कोडकौतुक झाले असावे. ढोल उघडल्यावर तो खांद्यांपर्यंत सहज आत गेला आणि कमरेशी अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. साबण झाला, तेल झाले, शेवटी दोघांनी पाय धरून त्याला बाहेर ओढले. त्या दोघांतला एक दोरा होता, तेव्हा नवा आणि बिननावाचा. ओढताना सगळे हसत होते. ज्याला ओढत होते तोही सुरुवातीला हसत होता. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘गाठ’ पडले. त्याला राखेच्या ढिगाऱ्यावर फावडे मारायला पाठवण्यात आले. कामगारवस्तीच्या पहिल्या ओळीतली खोली ढोलाच्या कामाशी बांधलेली होती, तीही त्याला सोडावी लागली. कामगारांच्या कँटीनमध्ये तो बाकापाशी आला की कोणीतरी हमखास म्हणे, “सरका रे, गाठ बसतेय.” ती खोली, ते काम आणि ते वाक्य, या तिन्ही गोष्टी दोऱ्याने एकाच वेळी पाहिल्या. पहिल्या दोन त्याला मिळाल्या. तिसरीपासून वाचायचे त्याने ठरवले.

काम मिळताच त्याने नेढ्याच्या आतून सुतळी फिरवून तिचा एक वेढा केला आणि तो फिटरला देऊन सांगितले, “या मापाचं कडं करून दे.” फिटर त्याचा सोबती होता. त्याने लोखंडी गज वाकवून, टोके जोडून, कानशीने घासून गुळगुळीत केलेले लांबट गोल कडं आणून दिले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये कुठेही आत जाणाऱ्या वस्तूचे माप ‘बोट सोडून’ घेण्याची रीत होती. झाकणाखालचे पॅकिंग फुगते, लोखंड तापते, माणूस श्वास घेतो. म्हणून चहूबाजूंनी बोटभर जागा ठेवायची. ही रीत कोणी कोणाला शिकवत नसे आणि तिचा उच्चारही होत नसे. ‘बोट सोडलंस ना?’ असे विचारणे म्हणजे समोरच्याला शिकाऊ म्हणण्यासारखे होते. तेव्हा दोऱ्याने फिटरला काही विचारले नाही आणि फिटरनेही दोऱ्याला काही विचारले नाही.

ते कडं दर सुट्टीला चादरीत गुंडाळून, सामानावर बांधून बरोबर जाई. “लोक सुट्टीहून येताना बायकोला कडं आणतात,” त्याची पत्नी म्हणे, “आमच्यात कडं घेऊनच सुट्टीला निघायची पद्धत आहे.”

सुट्टी कुठे घालवायची हा प्रश्न त्या घरात नव्हता. तिच्या धाकट्या भावाचे एका तळ्याकाठी लॉज होते. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली भोजनगृह आणि स्वयंपाकघरामागे एक अरुंद खोली, जी बहिणीच्या कुटुंबासाठी उन्हाळ्यात रिकामी ठेवली जाई. भाऊ आडव्या बांध्याचा, मोकळ्या आवाजाचा. लोकांना पोटभर खाऊ घालणे हा त्याचा व्यवसाय होताच, पण तो त्याचा धर्मही होता. त्याच्या टेबलावर कोणी ‘पुरे’ म्हटले की त्याला ते आपल्या घरावरचे मत वाटे. अशा माणसाच्या घरी दोरा दर उन्हाळ्यात कडं घेऊन जात असे.

सकाळी पाहुणे उठण्याआधी तो तळ्याभोवती पळून येई. मग खोलीच्या मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला, कडं डोक्यावरून घालून पायांतून काढायचे. ते कमरेशी जराही रेंगाळले, तर त्या दिवशी सूप आणि उकडलेल्या भाज्या, दुसरे काही नाही. कडं नीट उतरले तरी नियम सुटत नसत. भोजनगृहात तो सर्वांच्या आधी जेवून घेई, म्हणजे आग्रहाच्या पंगतीत सापडायला नको. ताटाऐवजी बशी घेई. जेवण झाले की बसत नसे. विहिरीवरून पाण्याच्या बादल्या वरच्या मजल्यावर नेऊन देई. मेहुण्याच्या नोकरांना ते आवडे, मेहुण्याला आवडत नसे. दोऱ्याचे म्हणणे असे की सुट्टीत माणूस भुकेपोटी खात नाही, हात रिकामे असतात म्हणून खातो. हे म्हणणे खरे असावे. पण खरे बोलणारा माणूस जेवणाच्या टेबलावर कोणालाच नको असतो.

“ताई,” मेहुणा बहिणीला म्हणे, पण दोऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने, “तुझा नवरा इथं जेवायला येतो की हजेरी द्यायला?”

एकदा लॉजवर उतरलेल्या एका बाईंनी या वयात अशी शिडशिडीत प्रकृती राखण्याचे रहस्य विचारले. मेहुण्याने त्यांना ‘आमच्या भाऊजींकडे’ पाठवले. दोऱ्याने बादली खाली ठेवून प्रामाणिकपणे सांगितले, “घरी गेल्यावर मला एका भोकातून आत जायचंय.” बाईंना हे मृत्यूविषयीचे बोलणे वाटले. त्या हेलावल्या आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य लॉजभर झाले. लोक आपल्याकडे एवढ्या आदराने का पाहतात हे दोऱ्याला त्या वर्षी कळले नाही.

या सगळ्याची झळ पत्नीला लागत होती आणि ती कोणाच्या लक्षात येत नव्हती. वर्षातून एकदाच तिला दुसऱ्याच्या हातचे आयते मिळे. पण नवरा समोर बशीत चार उकडलेल्या फोडी घेऊन बसला असताना लोण्यात भाजलेला बटाटा तोंडात घालणे तिला चोरीसारखे वाटू लागले. हळूहळू ती स्वयंपाकघरात, भावजयीशी बोलता बोलता, उभ्याने जेवू लागली. एका टेबलावर बसून दोघांनी सुट्टीत केलेले जेवण तिला आठवत नव्हते. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा म्हणाली की माझ्या माहेरी माझी सवत येते, लोखंडाची आहे, आणि तिला रोज सकाळी हा मिठी मारतो.

सुट्टी संपली की दोरा नेढ्यातून आत जाई आणि दर वर्षी त्याला ते सैल लागे. खांदे वळवायला जागा असे, कमरेशी हवा खेळे. बाहेर उभा असलेला फिटर म्हणे, “दोऱ्या, भोक मोठं झालं की तू झिजलास?” दोरा आतून हसे. तो सैलपणा आपल्या संयमाचे फळ आहे, असे तो समजत होता. आपल्या बाजूने निघालेल्या निकालाची फेरतपासणी कोणी करत नाही; त्यानेही केली नाही.

अशी वर्षे गेली आणि १९९६ च्या उन्हाळ्यात त्याच्या निवृत्तीला जेमतेम एक वर्ष उरले. निवृत्तीबरोबर खोली जाणार होती. पती-पत्नीला दुसरे घर नव्हते. मुलगी एकच, तिचे लग्न होऊन थोडे दिवस झाले होते आणि ती नवऱ्यासह त्याच्या भावाच्या घरात पडद्याआड राहत होती. जावई एका बेकरीत भट्टीवर काम करी. बेकरी विकली जाणार असल्याचे बोलले जात होते. अशा वेळी फोरमनने दोऱ्याला बोलावून सांगितले की तुझ्या जागी तू आणशील तो माणूस घेऊ, जावई असला तरी हरकत नाही. सुट्टीच्या शेवटी ढोल उघडेल तेव्हा त्याने सगळ्यांसमोर एकदा आत जाऊन दाखवले की काम त्याचे आणि खोली तुमचीच. “आणणारा तू आहेस म्हणून बोलतोय,” फोरमन म्हणाला. “अडकणारा आणू नकोस.”

या शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. गाठ अजून राखेवर होताच.

म्हणून त्या सुट्टीत तळ्याकाठी चौघे गेले. जावई गोरटेला, रुंद कमरेचा, हसरा होता. भट्टीच्या चटक्यांनी त्याच्या कोपरापर्यंतच्या हातांवर आडव्या रेघा उठलेल्या होत्या. मेहुण्याने त्याला पाहताच त्याचे नाव ‘पाव’ ठेवले आणि त्यालाही ते पसंत पडले. जावयाला सासुरवाडीला उपाशी ठेवू नये, एवढे तर कोणत्याही सासूला कळते; इथे सासूलाच त्याच्या ताटावर पहारा द्यायचा होता. पहिल्या दिवशी तिने त्याच्यापुढे बशी ठेवली आणि तिची मान वर होईना. जावई म्हणाला, “आई, असू द्या. भट्टीवर मी रोज शंभर पावांचा वास घेऊन पोट भरतो.”

कडं पहिल्या सकाळी त्याच्या छातीखाली उतरले नाही. दोऱ्याने ते शांतपणे काढून घेतले आणि त्याला पळायला लावले. जावई तळ्याच्या अर्ध्यावर बसला. तिथून त्याला मुलगी हाताला धरून घेऊन आली. आठवड्याभरात तो पूर्ण वेढा पळू लागला. दोरा त्याच्या पुढे पळे आणि मागे वळून पाहत नसे. पाहिले तर तो थांबेल, असे त्याला वाटे. बादल्या आता जावई वर नेऊ लागला. मेहुण्याला मात्र स्वस्थ बसवेना. भट्टीवरचा माणूस घरात असताना पाहुण्यांनी बाजारचा पाव का खावा, असे म्हणून त्याने जावयाला स्वयंपाकघरात घातले. मग असा क्रम पडला की जावई पळून यायचा, कड्यात शिरायचा, कड्यातून निघायचा आणि ओट्यापाशी उभा राहून साऱ्या लॉजसाठी गोड पाव भाजायचा. भाजलेला पहिला पाव तो मोडून बघे, आतून झालाय का एवढेच पाही आणि दोन्ही अर्धे बशीत ठेवून देई. मुलीने एकदा त्यातला एक अर्धा उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याने मान फिरवली. तिने तो तसाच ओट्यावर ठेवला आणि ती बाहेर जाऊन चादरी काढू लागली, त्या अजून ओल्या होत्या.

सासऱ्याने त्याला मनापासून शिकवले, हेही नोंदवले पाहिजे. घास किती वेळ चावायचा, आग्रह करणाऱ्याला न दुखवता बशी कशी मागे घ्यायची, जेवणानंतर झोप आली तर काय करायचे, हे सगळे त्याने जन्मभर एकट्याने जमवले होते आणि आता प्रथमच ऐकणारा मिळाला होता. जावई झिजत गेला. गालाची हाडे दिसू लागली, विजारीला सुतळी बांधावी लागली. कडं छातीवरून उतरले, मग पोटावरून. मेहुणा वरवर थट्टा करी, पण सकाळी तोही आता चादरींपाशी येऊन उभा राहू लागला. आठवडे सरत गेले तसे त्या कड्याच्या उतरण्याकडे सगळेच हातातले काम टाकून पाहू लागले; ते कमरेखाली उतरले तर खोली राहणार होती.

शेवटच्या सकाळी ते कमरेच्या हाडांवर येऊन थांबले. जावयाने श्वास सोडला, अंग तिरके केले, साबण लावला. हाडाला उपास लागू पडत नाही. दोन्ही बाजूंना कातडी घासून लाल झाली होती आणि कडं तसूभरही हलत नव्हते. मेहुण्याने वाकून हाड आणि लोखंड यांचा अंदाज घेतला आणि सवयीने थट्टा करून गेला: “जावईबापू, स्वर्ग दोन बोटं उरला की हो.”

कोणी हसले नाही. मग तोच म्हणाला की भाऊजी, आता पुरे करा.

जावयाने कडं वर ओढून काढले आणि ते सासऱ्याच्या हातात दिले. “बाबा, एकदा त्या खऱ्या भोकातून तरी बघू द्या,” तो म्हणाला. “अडकलो तर अडकलो. हसतील, हसू देत.”

“कड्यातून गेला नाही तो नेढ्यातून जायचा नाही,” दोरा म्हणाला. “मी ओढून काढलाय माणूस. तुम्ही नाही बघितलेला.”

“मी सांगते ना, जाऊ दे त्यांना,” मुलगी म्हणाली.

त्याने कडं चादरीत गुंडाळायला घेतले. त्याच्या बाजूने विचार केला तर तो जावयाला वाचवत होता. जे वाक्य गाठीने आयुष्यभर ऐकले ते आपल्या मुलीच्या नवऱ्याने ऐकू नये, एवढेच त्याला हवे होते. शिवाय ते कडं त्याने इतकी वर्षे अंगावरून उतरवले होते की त्याच्यावर शंका घेणे म्हणजे स्वतःच्या प्रत्येक सुट्टीवर शंका घेणे होते.

परतल्यावर त्याने फोरमनला सांगितले की माझ्याकडे माणूस नाही. ढोल उघडला, त्या वर्षीची सफाई दोऱ्यानेच केली आणि नेढं नेहमीसारखे सैल लागले. पुढच्या वर्षासाठी फोरमनने बाहेरून एक माणूस पाहिला. तो नेढ्यातून आत जाऊन, थोडा कण्हत, बाहेर आला. मुलगी आणि जावई दूरच्या एका शहरात गेले, तिथे एका मोठ्या बेकरीत रात्रपाळीचे काम मिळाले होते. जाताना मुलगी आईच्या गळ्यात पडली. वडिलांना तिने ‘येते’ म्हटले.

१९९७ मध्ये खोली सोडायची वेळ आली तेव्हा सामान बांधायला फिटर आला. तोही निवृत्तीला आला होता. भिंतीवर टांगलेले कडं उतरवून त्याने ते हातात फिरवले, जुन्या जोडावरून अंगठा नेला आणि कौतुकाने म्हणाला, “काय काम केलं होतं बघ मी. तुझ्या सुतळीच्या आत बरोबर बोट सोडलंय. फिरव, कुठं कमी-जास्त सापडायचं नाही.”

दोऱ्याच्या हातात गादीची दोरी होती. “सुतळीच्या आत?” त्याने विचारले.

“मग? बोट नको सोडायला?”

“सुतळी घेतानाच मी बोट सोडलं होतं.”

फिटरने कडं भिंतीला टेकवून ठेवले. दोघे गाठोडी बांधू लागले. मग फिटर म्हणाला, “तू सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

पत्नी दारात उभी होती. बोट दिले की माणूस हात धरतो, असे म्हणतात. इथे दोघांनी, सवयीने आणि सद्भावनेने, एकेक बोट सोडले होते, आणि त्या दोन बोटांत एक घर गेले. तिने विचारले ते एवढेच की मग जावई गेले असते का आत. फिटरने मान डोलावली. कडं त्याने बरोबर नेले आणि पुढच्या उन्हाळ्यात ढोल उघडल्यावर ते नेढ्यात धरून पाहिले. चहूबाजूंनी त्याची दोन बोटे आरपार जात होती. ते सांगायला तो कडं घेऊन तळ्यापर्यंत गेला, याची खरे तर आवश्यकता नव्हती.

तोवर ती दोघे तळ्यावर राहायला गेली होती. मेहुण्याने स्वयंपाकघरामागची ती अरुंद खोली त्यांना कायमची दिली. “भाऊजी, आता बारा महिने सुट्टी,” तो म्हणाला, आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हते.

जावयाला सांगणे भाग होते. दोरा एकटाच त्या शहरात गेला आणि बेकरीच्या मागच्या दाराशी, पिठाच्या पोत्यांवर बसून, त्याने सुतळीची आणि कड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. जावई पुन्हा भरला होता. ऐकून त्याने आपल्या हातांवरच्या रेघा पाहिल्या आणि तो हसला. “म्हणजे मी जाड नव्हतो तर,” तो म्हणाला. त्याने आत जाऊन एक गरम पाव आणून सासऱ्याच्या हातात दिला.

मुलगी हसली नाही. “भोक तिथंच होतं, बाबा,” ती म्हणाली. “खोलीपासून चार पावलांवर.”

दोऱ्याने तो पाव परतीच्या प्रवासात खाल्ला नाही. रागाने नव्हे, शिक्षा म्हणूनही नव्हे. त्याला तो जाईना. तळ्यावरही तसेच झाले. आता कुठल्याही भोकातून आत जायचे नव्हते, कोणी मोजणार नव्हते आणि बहिणीच्या नवऱ्याला एकदा पोटभर जेवलेला पाहावे म्हणून मेहुणा जिवाचे रान करत होता. तळलेले मासे येत, लोण्यातले बटाटे येत. दोरा सर्वांबरोबर टेबलावर बसू लागला, ताट घेऊ लागला, आणि चौथ्या-पाचव्या घासाला थांबे. पोट आकसून गेले होते, त्याला दुसरे काही ठाऊकच नव्हते. पत्नी त्याच्या शेजारी बसे. इतक्या वर्षांनी दोघे एका टेबलावर जेवत होते आणि आता तिला घास उतरत नव्हता. तळ्याभोवती तो अजूनही पळे. का पळता, असे तिने विचारले तर तो म्हणे की उठल्यावर पाय आपोआप निघतात. कड्याचे काय झाले ते मी विचारले होते. मेहुण्याने त्यावर काकड्यांचा वेल चढवला होता.

माणसाला सुट्टी मिळते तेव्हा ती त्याच्या शरीरालाही मिळते का, हे तिने मला तिथे, त्या स्वयंपाकघरात विचारले. बाहेर दोरा चादरी वाळत घालत होता. लॉजवर जोडीने उतरलेला एक पाहुणा खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवून बायकोला सांगत होता की प्रकृती राखावी तर अशी.

मुलगी आणि जावई २००४ च्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन तळ्यावर सुट्टीला आले. ते शेजारच्या लॉजमध्ये उतरले आणि जेवणही त्यांनी तिथेच घेतले.